रात्रीच्या आकाशातील शिकारी

१९३९ च्या सप्टेंबरात दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागले, तेव्हा रात्रीच्या आकाशाचे रक्षण कसे करावयाचे, याचा विचार जर्मन वायुदलाने फारसा केलेलाच नव्हता. रात्र ही शोधदिव्यांची आणि विमानवेधी तोफांची बाब. लढाऊ वैमानिकाचे काम दिवसाचे, अशी तेथील सेनानींची समजूत होती. दुसऱ्याच्या मुलखावर चालून जाणाऱ्याला आपल्या घराच्या छपराची आठवण सहसा उशिराच होते. जर्मनीला ती आठवण ब्रिटिश वैमानिकांनी करून दिली. १८ डिसेंबर १९३९ रोजी उत्तर समुद्रावर हेल्गोलँडच्या आखातात भर दिवसा आलेल्या ब्रिटिश वेलिंग्टन विमानांपैकी निम्म्याहून अधिक विमाने जर्मन लढाऊ विमानांनी पाडली. या धड्यानंतर ब्रिटिशांनी आपली बाँबफेकी विमाने मुख्यतः रात्रीच धाडण्यास सुरुवात केली. दिवसाच्या विजयानेच जर्मनीवर रात्रीचे संकट ओढवले, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या दिवशीच्या लढाईत दोन असे तरुण होते, की ज्यांची नावे पुढे या रात्रीच्या युद्धाशी कायमची जोडली गेली. एक वुल्फगांग फाल्क आणि दुसरा हेल्मूट लेंट. १९४० च्या वसंतात फाल्कचे पथक डेन्मार्कमधील आल्बोर्गच्या तळावर होते. ब्रिटिश विमाने रात्री येत, बाँब टाकीत आणि निर्धास्तपणे परत जात. दिवसा उडणाऱ्या दोन इंजिनांच्या मेसरश्मिट ११० विमानांतूनच रात्री त्यांचा पाठलाग का करू नये, असा प्रश्न फाल्कला पडला. किनाऱ्यावरील रडारच्या मदतीने त्याने तसा प्रयत्न करून पाहिला आणि आपले अनुभव वरिष्ठांना लिहून कळविले. त्याच सुमारास, १९४० च्या मे महिन्यात, रूरच्या औद्योगिक प्रदेशावर ब्रिटिश विमाने येऊ लागली होती. जूनमध्ये गोअरिंगने फाल्कला बोलावून घेतले आणि रात्रीच्या लढाऊ विमानांचे पहिले दल उभारण्याची कामगिरी त्याच्यावर सोपविली. फाल्क त्या वेळी अवघा एकोणतीस वर्षांचा होता.

फाल्कने वैमानिक दिले. त्यांना डोळे दिले योझेफ काम्हूबर या सेनापतीने. डेन्मार्कपासून फ्रान्सपर्यंत त्याने आकाशाचे चौकोनी विभाग पाडले. प्रत्येक विभागात जमिनीवर तीन रडार असत. एक फार लांबून येणाऱ्या विमानांची चाहूल घेई. दुसरे त्यांतील एका शत्रुविमानावर रोखलेले असे. तिसरे आपल्याच लढाऊ विमानावर. काचेच्या मोठ्या मेजावर दोन रंगांचे दोन प्रकाशबिंदू सरकत, आणि त्यांच्याकडे पाहत नियंत्रक अधिकारी बिनतारी यंत्रावरून वैमानिकाला डावीकडे, उजवीकडे, वर, खाली अशा सूचना देत त्याला शत्रूच्या पाठीशी आणून सोडी. शेवटचे काही शेकडो यार्ड मात्र वैमानिकाने आपल्या डोळ्यांनीच गाठावयाचे. ढगांच्या पार्श्वभूमीवर एखादी काळी आकृती, इंजिनाच्या नळीतून निघणारी निळसर ज्योत, एवढ्याच खुणा. जर्मनांनी या योजनेला छत्रपलंगाचे नाव दिले होते. युद्धाच्या शब्दकोशात असली घरगुती नावे पुष्कळ आढळतात. त्यामागचा अर्थ मात्र घरगुती नसतो.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. हेल्मूट लेंटसारख्या कुशल वैमानिकाला कित्येक महिने रात्री एकही शत्रू सापडला नाही. आपल्याला पुन्हा दिवसाच्या पथकात धाडावे, अशी विनंती त्याने फाल्ककडे केली. आणखी थोडे दिवस धीर धर, एवढेच फाल्कने त्याला सांगितले. १९४१ च्या मे महिन्यात लेंटला रात्रीचे पहिले यश मिळाले, आणि मग ते थांबले नाही.

लुडविग बेकर हा या विद्येचा खरा आचार्य. त्याचे सहकारी त्याला प्राध्यापकच म्हणत. १९४० च्या ऑक्टोबरात जमिनीवरील रडारच्या मार्गदर्शनाने रात्री विमान पाडणारा तो पहिला जर्मन वैमानिक. पुढे विमानातच बसविण्याजोगे लहान रडार तयार झाले, तेव्हा बहुतेक वैमानिकांनी नाके मुरडली; कारण विमानाच्या नाकावर बसविलेल्या त्याच्या तारांच्या जाळ्यामुळे वेग कमी होई. बेकरने ते यंत्र स्वीकारले आणि १९४१ च्या ऑगस्टात त्याच्या साहाय्याने विमान पाडून दाखविले. शत्रूच्या मागून, खालच्या अंगाने, वेग जुळवीत हळूहळू जवळ जाण्याची त्याची पद्धत इतरांनी उचलली. रात्रीचा लढवय्या हा आता एकटा उरला नाही. पुढे वैमानिक आणि मागे मिणमिणत्या नळीतील रेषांवर नजर खिळवून बसलेला बिनतारी यंत्रचालक, असे ते दोघांचे मिळून एकच शरीर झाले. या बेकरचा अंत मात्र दिवसा झाला. २६ फेब्रुवारी १९४३ रोजी अमेरिकन विमानांविरुद्ध त्याला भर दिवसा धाडण्यात आले, आणि उत्तर समुद्रावरून तो परतला नाही. रात्रीसाठी वर्षानुवर्षे घडविलेली माणसे दिवसाच्या लढाईत खर्ची घालण्याचा हा अविचार पुढेही होत राहिला.

काम्हूबरच्या व्यवस्थेत एक उणीव होती. एका विभागात एका वेळी एकच लढाऊ विमान लढवता येई. ही उणीव ब्रिटिशांच्या ध्यानात आली. ३० मे १९४२ च्या रात्री त्यांनी हजारांहून अधिक विमाने कोलोनवर धाडली, ती पसरून नव्हे, तर एकाच अरुंद प्रवाहातून. दार एकाच माणसाला अडविण्यापुरते होते आणि त्यातून लोंढा घुसला. पुढच्या वर्षी याहून मोठा आघात झाला. २४ जुलै १९४३ च्या रात्री हँबुर्गवर आलेल्या ७९१ विमानांनी आकाशातून कागदाच्या चंदेरी पट्ट्यांचा पाऊस पाडला. त्या धातुलेपित पट्ट्यांनी प्रत्येक रडारच्या पडद्यावर हजारो खोट्या विमानांची गर्दी केली आणि सारी जर्मन व्यवस्था एका रात्रीत आंधळी झाली. ब्रिटिशांची अवघी बारा विमाने पडली. तीन रात्रींनंतर त्याच शहरात आगीचे वादळ उठले. त्या आठवड्यातील हल्ल्यांत सदतीस हजारांच्या आसपास माणसे मेली, आणि त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध यांचीच संख्या मोठी होती.

या रात्रींनंतर जर्मन वैमानिकांच्या मनोवृत्तीत पडलेला फरक लक्षात घेण्याजोगा आहे. तोवर ही एक अवघड, तांत्रिक शिकार होती. आता खाली जळत होती ती त्यांची स्वतःची गावे. हायो हेरमान या अधिकाऱ्याने एक धाडसी मार्ग काढला. रडार नको, नियंत्रक नको. एका इंजिनाच्या लढाऊ विमानांनी जळत्या शहराच्या वरच जावे आणि आगीच्या व शोधदिव्यांच्या उजेडात शत्रू दिसेल तेथे त्याला गाठावे. या पद्धतीला रानडुकराचे नाव मिळाले. तिने काही यश दिले; पण वाईट हवामानात उतरताना तिने स्वतःचेही पुष्कळ वैमानिक गमावले. दरम्यान तंत्रज्ञांनी नवे रडार आणले. त्यावर त्या चंदेरी पट्ट्यांचा प्रभाव पडत नव्हता. त्याच सुमारास रूडोल्फ श्योनर्ट या वैमानिकाच्या आग्रहामुळे विमानाच्या पाठीवर तिरप्या, वरच्या दिशेने मारा करणाऱ्या तोफा बसविण्यात आल्या. ब्रिटिशांच्या बहुतेक बाँबफेकी विमानांच्या पोटाखाली तोफही नव्हती आणि पाहण्यास झरोकाही नव्हता. त्या आंधळ्या कोपऱ्यात शिरावयाचे, दोन्ही विमानांचा वेग एक करावयाचा आणि पंखांतील पेट्रोलच्या टाकीवर नेम धरावयाचा. बाँबच्या कोठारावर मारा करणे धोक्याचे. ते फुटले तर मारणाराही वाचावयाचा नाही. कोणाकडून मरण आले, हे पुष्कळशा ब्रिटिश वैमानिकांना कळलेही नाही.

या साधनांचा कळस ३० मार्च १९४४ च्या रात्री गाठला गेला. न्यूरेंबर्गकडे निघालेली ७९५ विमाने चांदण्यात, लांबलचक सरळ मार्गाने जात होती. जर्मन वैमानिक त्या प्रवाहातच मिसळले. त्या एका रात्रीत ब्रिटिशांची ९५ विमाने नष्ट झाली आणि पाचशेंहून अधिक वैमानिक मृत्युमुखी पडले. ब्रिटिश वायुदलाच्या बाँबफेकी विभागाच्या इतिहासात एवढी हानी दुसऱ्या कोणत्याही रात्री झाली नाही.

पण हे युद्ध माणसांइतकेच गुपितांचेही होते, आणि गुपिते फार काळ टिकत नाहीत. २८ एप्रिल १९४४ रोजी विल्हेल्म योहनेन याचे विमान शत्रूच्या पाठलागात तटस्थ स्वित्झर्लंडमधील ड्यूबेनडोर्फच्या धावपट्टीवर उतरले. त्यात नवे रडार आणि तिरप्या तोफा दोन्ही होत्या. ते विमान शत्रूच्या हाती लागू नये म्हणून जर्मनीने स्विस सरकारशी सौदा केला. विमान जाळून नष्ट करण्यात आले आणि त्या बदल्यात स्वित्झर्लंडला बारा नवी मेसरश्मिट लढाऊ विमाने विकत घेण्याची मुभा मिळाली. गुपित वाचले, पण अडीच महिनेच. जुलैत एक जर्मन विमान वाट चुकून इंग्लंडमधील वुडब्रिजच्या तळावर उतरले. त्याच्या तपासणीत ब्रिटिशांना जे आढळले, ते धक्कादायक होते. मागून येणाऱ्या शत्रूची सूचना मिळावी म्हणून त्यांनी आपल्या विमानांच्या शेपटीत बसविलेल्या यंत्राच्याच लहरींवरून जर्मन वैमानिक त्यांचा माग काढीत होते. ज्याला पहारेकरी समजले, तोच वाटाड्या निघाला होता. ती यंत्रे तत्काळ काढून टाकण्यात आली आणि नव्या रडारलाही आंधळे करणाऱ्या पट्ट्या कापल्या गेल्या.

यापुढे उतार लागला. फ्रान्स हातचा गेल्यावर शत्रूची चाहूल देणारी रडारांची आघाडीच नाहीशी झाली. पेट्रोल संपत आले. ब्रिटिशांची मॉस्किटो विमाने आता शिकाऱ्यांचीच शिकार करू लागली. उड्डाण करताना आणि उतरताना तळाभोवतीचे आकाशही निर्भय राहिले नाही. नामवंत वैमानिकांचे अंत पाहिले, म्हणजे मृत्यू केवळ शत्रूच्या रूपाने येत नव्हता, हे ध्यानात येते. २१ जानेवारी १९४४ च्या एकाच रात्री ८३ विमाने पाडणारा राजकुमार हाइनरिख झू झाइन-विटगेनश्टाइन कामी आला, आणि ६५ विमाने पाडणाऱ्या मानफ्रेड मॉयररचे विमान एका ब्रिटिश विमानावर आदळले. राजकुमाराने जळत्या विमानातून साथीदारांना उडी टाकण्याची आज्ञा दिली. तो स्वतः वाचला नाही. लेंटने रात्री शंभराहून अधिक विमाने पाडली होती. ऑक्टोबर १९४४ मध्ये तो पाडरबोर्नला साध्या भेटीसाठी उतरत असता एक इंजिन बंद पडले, विमान विजेच्या तारांवर आदळले, आणि दोन दिवसांनी त्याने प्राण सोडला. त्याचे तिन्ही सोबतीही वाचले नाहीत.

सर्वांत मोठी संख्या हाइन्झ-वुल्फगांग श्नाउफर याच्या नावावर आहे. काल्व गावचा हा तरुण युद्ध संपले तेव्हा तेवीस वर्षांचा होता. १६४ उड्डाणांत त्याने १२१ विमाने पाडली, ती सर्व रात्रीच. २१ फेब्रुवारी १९४५ या एका दिवसात नऊ. त्यांपैकी सात विमाने वीस मिनिटांच्या आत पडली. फ्रित्स रुम्पेलहार्ट हा त्याचा यंत्रचालक आणि विल्हेल्म गेन्सलर हा त्याचा तोफची. अंधारात पाहण्याची गेन्सलरची दृष्टी असाधारण होती. श्नाउफरची बहुतेक विमाने या दोघांच्या सोबतीने पडली. एका लँकेस्टर विमानात सात माणसे असत, हे लक्षात घेतले म्हणजे १२१ हा आकडा केवळ पराक्रमाचा उरत नाही. ज्या शेपटीवर त्याने आपल्या विजयांच्या खुणा रंगविल्या होत्या, त्या शेपटींपैकी एक आज लंडनच्या युद्धसंग्रहालयात आहे. एवढ्या रात्रींतून सुखरूप आलेला हा माणूस १९५० च्या जुलैत फ्रान्समध्ये, द्राक्षमद्याच्या व्यापारानिमित्त गेला असता, रस्त्यावरील मोटार अपघातात मरण पावला.

या साऱ्यांचे मोल कसे करावयाचे? त्यांनी आपल्या गावांवरचे आकाश राखण्याची शिकस्त केली, हे खरे. जळणाऱ्या शहरात माता आणि मुले होती, हेही खरे. पण ज्या राज्याचे ते रक्षण करीत होते, त्या राज्याने हे युद्ध सुरू केले होते. वॉर्सा, रॉटरडॅम आणि कॉव्हेंट्री यांच्यावरील आग आधी त्यानेच पेटविली होती, आणि रात्रीची ढाल जितके दिवस टिकली तितके दिवस छळछावण्यांचे कामही चालू राहिले. मेसरश्मिट कारखान्याच्या विमानांचे भाग तर त्या छावण्यांतील कैद्यांकडूनच करवून घेतले जात होते. लेंटच्या घरात ही विसंगती फार जवळून दिसते. तो पाद्र्याचा मुलगा. त्याचे दोन्ही वडील भाऊ धर्मोपदेशक होते आणि नाझींना विरोध करणाऱ्या चर्चशी संबंध असल्यामुळे त्यांना वेगवेगळ्या वेळी अटक झाली. त्यांचाच धाकटा भाऊ त्याच राज्याचे सर्वोच्च पदक गळ्यात मिरवीत होता, आणि त्याच्या अंत्यविधीला गोअरिंगने भाषण केले.

युद्धानंतर वाटा निरनिराळ्या फुटल्या. काम्हूबर १९५६ नंतर पश्चिम जर्मनीच्या नव्या वायुदलाचा प्रमुख झाला. हेरमान १९५५ मध्ये रशियन कैदेतून सुटला, वकील झाला आणि ज्यूंचा संहार नाकारणाऱ्यांचे खटले त्याने चालविले. फाल्क २००७ पर्यंत जगला. १९६४ मध्ये रोटेनबुर्ग येथील सैनिकी छावणीला लेंटचे नाव देण्यात आले होते. पुष्कळ वर्षे वाद चालला आणि २०२० मध्ये ते नाव बदलण्यात आले. जर्मन समाजाने त्याचे धैर्य नाकारले नाही. सैनिकाने आदर्श मानावे असे नाव ते नव्हे, एवढाच निर्णय केला.

ब्रिटिशांच्या बाँबफेकी विभागात सव्वा लाखाच्या आसपास वैमानिक होते. त्यांतील ५५,५७३ परतले नाहीत. त्यांना पाडणाऱ्यांत जी थोडी नावे पुस्तकांत राहिली, त्यांच्यामागे असे कितीतरी जर्मन वैमानिक होते, की ज्यांच्या नावावर एकही विजय लागला नाही. पहिल्या पाचसहा रात्रींतच ते धुक्यात, ढगांत किंवा धावपट्टीच्या कडेला संपले. दोन्ही बाजूंची ही मुले साधारणपणे वीस-बावीस वर्षांची होती. एकमेकांचे चेहरे त्यांनी कधी पाहिले नाहीत. पाहिली ती नळीतील एक कापणारी रेषा, आणि नंतर खाली कोसळणारी आग.