जुनी जीप आणि बोल्टचे आटे

पन्नास-साठ वर्षांची एखादी जीप आजही घाटरस्त्याने घुरघुरत वर चढताना दिसते. तिच्यात मूळचे भाग किती उरले असतील? टायर, क्लच प्लेट, ब्रेकचे लायनर, बेअरिंग, पिस्टनच्या रिंगा हे सारे अनेकदा बदललेले असते. तरी गाडी तीच! 'पूर्वीचे लोखंडच दणकट' असे उत्तर आपण चटकन देतो. पण ते अर्धेच खरे आहे. लोखंड पूर्वीही गंजत होते आणि झिजत होते. जुनी गाडी टिकते, ती झिजलेल्या भागाच्या जागी दुसरा बसवता येतो म्हणून. वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या वर्षी तयार झालेला भाग तिथे नेमका कसा बसतो? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला बरेच मागे जावे लागेल.

अठराव्या शतकात बंदुकीचा चाप कारागीर कानशीने घासून एकमेकांना जुळवत असे. एका बंदुकीची कमान दुसरीत बसेलच असे नाही. फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ याने साचे आणि मापके वापरून सगळे भाग एकसारखे करण्याचा प्रयत्न केला. १७८५ साली थॉमस जेफरसन हे अमेरिकेचे राजदूत म्हणून पॅरिसमध्ये होते. ब्लाँच्या कार्यशाळेत त्यांनी ५० चापांचे सुटे भाग पाहिले, हाताला येईल तो तुकडा उचलला आणि स्वतः काही चाप जोडले. ते जुळले! ही कल्पना कारखान्यांत रुळायला मात्र पुढे अनेक दशके लागली.

नट-बोल्टच्या बाबतीत तर गोंधळ आणखी मोठा होता. प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने अनेक कारखान्यांतील बोल्ट गोळा केले, मोजले आणि १८४१ मध्ये एक प्रमाण सुचवले. कोणत्या जाडीच्या बोल्टला एका इंचात किती आटे असावेत हे त्याने ठरवले. आट्याचा कोन त्याने ५५ अंश धरला. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने दुसरे प्रमाण मांडले. त्याचा कोन ६० अंशांचा, म्हणजे समभुज त्रिकोणाचा होता. व्हिटवर्थच्या आट्याचे टोक गोलसर असे, सेलर्सचे सपाट. सपाट टोक करणे आणि तपासणे सोपे, हा सेलर्सचा मुद्दा होता. दोघांचेही म्हणणे सयुक्तिक होते. पण परिणाम असा झाला, की अर्ध्या इंची बोल्टला इंग्लंडमध्ये इंचाला १२ आटे, तर अमेरिकेत १३!

जीप जन्माला आली ती या पार्श्वभूमीवर. १९४० मध्ये अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांना शक्ती पुरवणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. बँटम या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. नंतर विलीज आणि फोर्ड यांचेही नमुने आले. विलीजचे इंजिन ६० अश्वशक्तीचे असल्याने तिची गाडी पसंत पडली. पण एकट्या विलीजला एवढे उत्पादन झेपणारे नव्हते. तेव्हा फोर्डने विलीजच्याच आराखड्यांवरून गाड्या बनवाव्यात असे ठरले. एकीचा भाग दुसरीत बसलाच पाहिजे, ही अट होती. फोर्डने आपल्या बोल्टवर लहानसे 'एफ' हे अक्षर उमटवले. बाकी फरक फारसा नव्हता. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. दोन मोडक्या जीपमधून एक चालती जीप रणभूमीवरच उभी करता येई, ती या अटीमुळे!

दोस्त राष्ट्रांचे आटे मात्र एकमेकांशी जुळत नव्हतेच. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने ब्रिटिश मर्लिन विमान-इंजिने बनवली, तेव्हा तिला ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारेही मुद्दाम तयार करावी लागली. शेवटी नोव्हेंबर १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एकच 'युनिफाइड' आटा मान्य केला. कोन ठरला ६० अंशांचा. त्याच वर्षी बाजारात आलेल्या लँड रोव्हरवर या घडामोडीची खूणच राहिली आहे. तिच्या सुरुवातीच्या गाड्यांत ब्रिटिश आटे आढळतात, तर नंतरच्या गाड्यांत मुख्यतः युनिफाइड. जुनी लँड रोव्हर दुरुस्त करणाऱ्याला दोन्ही प्रकार ओळखावे लागतात.

आपल्याकडे १९४९ मध्ये मुंबईत माझगावला महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली. या गाडीची मापे इंचांत होती. पुढे १९५८ पासून देशात टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धत आली आणि गॅरेजात मिलिमीटरचे पाने आले. आता जरा आकडेमोड करू. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना चालून जातो. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी; १९ चा पाना बहुधा बसतो. पण ९/१६ इंच म्हणजे सुमारे १४.३ मिमी. इथे १४ चा पाना शिरत नाही आणि १५ चा ढिला पडतो. जोर लावला की नटाचे कोपरे घासून तो गोल होतो. मग छिन्नी-हातोडा घेण्याची पाळी येते. जुन्या जीपचे पुष्कळसे बोल्ट वयामुळे नव्हे, तर चुकीच्या पान्यामुळे निकामी होतात.

मापांचा हा मेळ गाडीच्या चार चाकांतही लागतो. जीपमध्ये 'फोर-व्हील'चा दांडा टाकला, की पुढचा आणि मागचा आस एकाच गतीने फिरू लागतात. त्या दोहोंमध्ये डिफरन्शियल नसतो. समजा, मागच्या टायरांचा व्यास ७० सेंमी आहे आणि पुढे ७१ सेंमीचे नवे टायर बसवले. प्रत्येक फेऱ्याला ३.१४ सेंमीचा फरक पडेल. किलोमीटरला सुमारे ४५० फेरे होतात. म्हणजे १४ मीटरचा फरक! चिखलात चाके घसरून तो भरून निघतो. डांबरी रस्त्यावर मात्र टायर घासतात आणि सारा ताण गिअर व शाफ्टवर येतो. म्हणून पुढचे-मागचे टायर सारख्या मापाचे व सारखे झिजलेले असावेत आणि कोरड्या पक्क्या रस्त्यावर दांडा काढून ठेवावा. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. तिथेही हेच घडते. विद्यार्थ्यांना वर्तुळाचा परीघ शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.

दुरुस्ती शक्य होते ती मापे सर्वांना ठाऊक असतात तेव्हा. व्हिटवर्थचा आटा कोणा एका कारखान्याचे गुपित नव्हता, म्हणूनच खेड्यातला लेथवालाही तो पाडू शकतो. आजच्या गाड्यांत इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे असते. त्यामुळे धूर कमी झाला आणि इंधनही वाचते, हे खरेच. पण दोष शोधण्याची किल्ली उत्पादकाजवळच राहिली, तर कुशल मिस्त्रीचे हात बांधले जातात. फ्रान्सने २०२१ पासून काही वस्तूंवर त्या दुरुस्त करणे किती सोपे आहे याचा गुणांक छापणे सक्तीचे केले. भारत सरकारनेही २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'चा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिच्या विषयांत वाहनेही होती.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. जवळच्या गॅरेजातून टाकाऊ बोल्ट आणावेत. बोल्टचे आटे कागदावर दाबून ठसे घ्यावेत आणि पट्टीने एका इंचात किती ठसे येतात ते मोजावे. कोणता बोल्ट इंचाचा, कोणता मिलिमीटरचा, हे मुलांनीच ठरवावे. मग पुढचा प्रश्न विचारावा: हा आकडा कोणी ठरवला, आणि तो आपल्याला कसा कळला?