कृष्णेचा वगळलेला पाठ

जुन्या ग्रंथांची संपादने शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांना पाठभेदांकडे पाहावयास सांगतो. संपादकाने स्वीकारलेला पाठ मुख्य पानावर असतो आणि नाकारलेला तळटीपेत जातो. पुष्कळदा त्या ग्रंथाचा खरा पेच तळटीपेतच दडलेला असतो. कृष्णेच्या पाणीवाटपाचा इतिहास वाचताना आम्हांस याच शिस्तीची आठवण झाली. या नदीच्या न्यायनिवाड्यालाही दोन पाठ होते. एक अमलात आला, दुसरा कागदावर राहिला.

कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि हंसलादीवीजवळ बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्यावरील मोठे सिंचन मात्र उगमापाशी सुरू झाले नाही, ते मुखापाशी झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, बंधारा उभा राहिला आणि त्रिभुज प्रदेश भातशेतीने हिरवा झाला. त्याच खोऱ्यातील माण, खटाव, आटपाडी, जत हे तालुके मात्र आभाळाकडे डोळे लावून बसले. १९५१ साली दिल्लीत तत्कालीन प्रांतांमध्ये पाण्याची वाटणी ठरली, पण म्हैसूरने तिला मान्यता दिली नाही. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने नकाशाच बदलला. ज्यांच्यात वाटणी झाली होती, ते वाटेकरीच त्या रूपात उरले नाहीत. त्याच वर्षी आंतरराज्य जलविवाद कायदा झाला आणि १९६९ च्या एप्रिलमध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला.

लवादाने डिसेंबर १९७३ मध्ये निर्णय दिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या नोंदी तपासून, शंभरांपैकी पंचाहत्तर वर्षे नदीत निदान २,०६० टीएमसी पाणी मिळेल असे त्याने मानले. (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.) त्यातून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्र प्रदेशास ८०० टीएमसी असे हिस्से ठरले. परतीच्या प्रवाहाचे पाणी यात धरलेले नव्हते. या वाटणीचा पाया महत्त्वाचा आहे. सप्टेंबर १९६० पर्यंत जे प्रकल्प चालू वा विचाराधीन होते, त्यांच्या वापरास प्राधान्य मिळाले, आणि असा सुमारे १,६९३ टीएमसीचा वापर आधीच सुरक्षित धरला गेला. ज्या कालव्यावर पिढ्या जगल्या तो कोरडा पाडता येत नाही, हे न्याय्यच होते. परंतु ज्याने पूर्वी बांधले त्यास मिळाले, आणि ज्यास बांधताच आले नाही त्याचे कालचे दारिद्र्यच उद्याचा हिस्सा ठरवू लागले.

वगळलेला पाठ येथेच येतो. लवादाने ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन योजना मांडल्या होत्या. ‘अ’ योजनेत प्रत्येक राज्याच्या वापराला मर्यादा होती. भरपूर पावसाच्या वर्षी उरलेले पाणी वापरण्याची आंध्र प्रदेशास मुभा होती, मात्र त्यावर हक्क नव्हता. ‘ब’ योजनेचा विचार निराळा होता. संपूर्ण खोऱ्यासाठी कृष्णा खोरे प्राधिकरण असावे, जास्तीचे पाणी तिन्ही राज्यांनी वाटून घ्यावे आणि तूट आली तर तीही वाटून सोसावी. ही योजना राज्यांच्या सहमतीवाचून किंवा संसदेच्या कायद्यावाचून लागू होणे शक्य नव्हते. आंध्र प्रदेशाची संमती मिळाली नाही, कायदाही झाला नाही. १९७६ मध्ये राजपत्रात आली ती ‘अ’ योजनाच.

त्याचे परिणाम सावकाश दिसले. एखाद्या वर्षी हिस्सा वापरला नाही म्हणून पुढील वर्षांचा हक्क बुडत नाही, असे कलम निवाड्यात स्पष्ट आहे. तरीही ३१ मे २००० नंतर निवाड्याचा फेरविचार होऊ शकणार होता, आणि त्या तारखेच्या धास्तीने महाराष्ट्राने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापून धरणांची घाई केली. पाणी अडले, पण अनेक शिवारांपर्यंत कालवे पोचण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. कायद्याने दिलेल्या अभयावर विश्वास नव्हता, कारण शेजाऱ्यावर विश्वास नव्हता.

पुढे २००५ आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पुरात बुडाले. बोट अलमट्टीकडे दाखविले गेले. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीस मुख्य कारण मानले नाही. तिचा भर अतिवृष्टी आणि नदीपात्रातील अतिक्रमणे यांवर होता. तरी लोकांच्या मनातील संशय गेला नाही. आम्हांस वाटते, याचे मूळ निवाड्याच्या भाषेत आहे. तेथे हिशेब आहे तो जलवर्षाचा, १ जून ते ३१ मे असा. पूर मात्र दिवसांचा असतो. कोयनेतून किती सोडायचे आणि अलमट्टीची पातळी कुठे ठेवायची, हे ऑगस्टच्या एखाद्या रात्री दोन्ही राज्यांनी मिळून ठरवावे लागते. त्यासाठी लागणारी बांधील संस्था ‘ब’ योजनेबरोबर मागे पडली होती.

दुसऱ्या लवादाने, न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या अध्यक्षतेखाली, डिसेंबर २०१० मध्ये जास्तीच्या पाण्याचीही वाटणी केली आणि अंमलबजावणीसाठी मंडळ सुचविले. म्हणजे जुना तळटीपेतील विचार काही अंशी मुख्य पानावर आला. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय राजपत्रात प्रसिद्ध करण्यास मनाई केली. २०१४ मध्ये तेलंगण निर्माण झाले, आणि २०२३ मध्ये आंध्र व तेलंगण यांच्यातील वाटणीचा प्रश्न त्याच लवादाकडे सोपविला गेला. वाटेकरी पुन्हा बदलले होते.

‘ब’ योजना आली असती तर सारे सुरळीत झाले असते, असे आम्ही म्हणत नाही. प्राधिकरणेही भांडतात. पण तुटीचीही वाटणी होऊ शकते, हा विचार त्या योजनेत होता आणि तो आपण गमावला. जतच्या सीमेवरील गावांतून पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याची भाषा उमटली आणि २०२२ मध्ये तिचा राजकीय वाद झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी सीमेचीच चर्चा अधिक झाली. त्या गावांची मागणी पाण्याची होती. विद्यार्थ्यांनी हा निवाडा एक संहिता म्हणून जरूर वाचावा, आणि वाचताना त्यातील आकड्यांइतकेच त्याच्या वगळलेल्या पानांकडेही लक्ष द्यावे.