सवाल आणि जाब

२०२२ च्या नोव्हेंबरअखेरची गोष्ट. पाचवीतल्या एका मुलाचे वडील शाळेत आले होते. रिक्षा चालवतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या प्री-मॅट्रिक शिष्यवृत्तीचा फॉर्म त्यांनी मुलासाठी भरला होता. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात दोन खेपा घातल्या होत्या, म्हणजे दोन दिवसांची कमाई बुडवली होती. रक्कम वर्षाला हजार रुपये. आता पहिली ते आठवीच्या मुलांना ती मिळणार नाही, असं कळल्यावर त्यांनी मला विचारलं, "सर, का बंद केली?"

मी म्हणालो, "दिल्लीहून आलंय."

"ते ठीक आहे. पण का?"

मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे, म्हणून ही शिष्यवृत्ती यापुढे फक्त नववी-दहावीसाठी ठेवली, असं सरकारचं म्हणणं आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अर्ज करून काही होईल का?"

तो "अर्ज" शब्द माझ्या डोक्यात राहिला. "का?" असा चोख प्रश्न विचारणारा माणूस दुसऱ्याच मिनिटाला अर्जावर आला. यात दोष त्यांचा नाही. आपल्या समाजाला, खरं तर या देशातल्या सगळ्याच गरिबांना, अर्ज करायची सवय फार जुनी आहे आणि प्रश्न विचारायची फार नवी.

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवतो. "सवाल" हा शब्द दोन्हीकडे आहे. पण उर्दूत "सवाल करना" म्हणजे विचारणं आणि मागणंही. सवाली म्हणजे दारात हात पसरून उभा राहिलेला माणूस. तोच शब्द मराठीत आला आणि तमाशाच्या फडात जाऊन उभा राहिला. तिथल्या सवाल-जवाबात कुणी कुणापुढे हात पसरत नाही. दोन्ही बाजू बरोबरीच्या असतात, आणि ज्याला जवाब सुचत नाही तो हरतो. त्याच अरबी "जवाब"वरून मराठीने "जाब" केला आणि त्याला असा दम दिला की "जाब विचारणे" म्हटलं की समोरचा सावध होतो. आपल्या कायदेमंडळांचा इतिहास एका ओळीत सांगायचा, तर हात पसरणाऱ्या सवालापासून जाब विचारणाऱ्या सवालापर्यंतचा तो प्रवास आहे. आणि त्याच्या सुरुवातीलाच मुंबईची माणसं आहेत, त्यांत मुसलमानही आहेत.

१८५३ च्या चार्टर कायद्याने गव्हर्नर जनरलचं बारा सदस्यांचं कायदेमंडळ तयार झालं. त्यात हिंदी माणूस एकही नव्हता. तरीही हे मंडळ आपल्याच सरकारला प्रश्न विचारू लागलं, कागदपत्रं मागू लागलं. लंडनला हे रुचलं नाही. १८६१ च्या कौन्सिल कायद्याने मंडळाचे पंख छाटले. समोर जे विधेयक असेल त्यावर बोला, बाकी कारभाराबद्दल विचारायचं नाही. गंमत अशी की याच कायद्यानंतर कौन्सिलांत हिंदी माणसं बसू लागली. खुर्ची मिळाली, पण तोंडाला कुलूप घालून. बद्रुद्दीन तय्यबजी १८८२ साली मुंबईच्या कायदेमंडळात गेले तेव्हाही हीच स्थिती होती. मुंबई हायकोर्टात साक्षीदारांची उलटतपासणी घेणाऱ्या या नामांकित बॅरिस्टराला कौन्सिलात बसून सरकारला एक साधा प्रश्न विचारायची मुभा नव्हती.

डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. तिथे न्या. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मांडलेला ठराव आपण फारसा आठवत नाही. कायदेमंडळं मोठी करा, त्यांत निवडलेली माणसं घ्या, अंदाजपत्रक त्यांच्यापुढे ठेवा, आणि कारभाराच्या प्रत्येक शाखेबद्दल सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार सदस्यांना द्या, अशी ती मागणी होती. त्या अधिवेशनाला मुसलमान दोनच होते. त्यांतले एक मुंबईचे वकील रहिमतुल्ला सयानी.

ही मागणी पदरात पडायला सात वर्षं लागली. १८९२ च्या कौन्सिल कायद्याने प्रश्न विचारायचा अधिकार दिला, पण हात आखडूनच. सहा दिवस आधी लेखी सूचना द्यायची. प्रश्न फक्त माहिती मागणारा हवा. त्यात युक्तिवाद नको, टीका नको. अध्यक्षांना वाटलं तर ते नाकारणार. उत्तर मिळालं की ते घेऊन खाली बसायचं, त्यावर चर्चा नाही आणि उपप्रश्नही नाही. याच कायद्याखाली प्रांतिक मंडळाच्या बिनसरकारी सदस्यांना आपल्यातल्या एकाचं नाव वरच्या, म्हणजे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलासाठी सुचवता येऊ लागलं. मुंबईतून आधी फिरोजशहा मेहता गेले, त्यांच्यानंतर १८९६ मध्ये हेच रहिमतुल्ला सयानी, आणि पुढे १९०२ पासून गोपाळ कृष्ण गोखले. १८८५ च्या सभागृहात ज्या हक्काची मागणी झाली, तो हक्क हाती घेऊन त्याच सभागृहातला एक माणूस साम्राज्याच्या सर्वोच्च कौन्सिलात जाऊन बसला. सयानी त्याच वर्षी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनाचे अध्यक्षही झाले. आपल्या मुलांना त्यांचं नाव माहीत नसतं, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

त्यानंतर दार थोडं थोडं किलकिलं होत गेलं. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला एक उपप्रश्न विचारायची मुभा दिली. १९१९ च्या कायद्यानंतर ती सगळ्यांना मिळाली. वाचताना हा तपशील किरकोळ वाटतो, पण वर्ग घेणाऱ्या कुणालाही विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुलाने पाठ केलेलं असू शकतं. त्याला खरंच काय येतं, ते दुसऱ्या प्रश्नात कळतं. सरकारचंही तसंच.

स्वतंत्र भारतात या हक्काची ताकद काय असते, हे कळायला दहा वर्षं लागली. आयुर्विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी जन्मली. सामान्य माणसाची पै-पैची बचत तिच्याकडे आली. पुढच्याच वर्षी, जून १९५७ मध्ये, तिने हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपास किमतीचे शेअर घेतले. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास त्यांतलीच एक, कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन दुसरी. एलआयसीची स्वतःची गुंतवणूक समिती होती, पण तिला न विचारताच हा व्यवहार झाला.

हे बाहेर आलं ते प्रश्नांमुळे. सप्टेंबर १९५७ मध्ये बिहारचे खासदार डॉ. रामसुभग सिंह यांनी लोकसभेत अर्थखात्याला या गुंतवणुकीबद्दल प्रश्न विचारला. उत्तर आलं, पण समाधान झालं नाही. हिवाळी अधिवेशनात पुन्हा प्रश्न आले, आणि १६ डिसेंबरला फिरोज गांधी उभे राहिले. रायबरेलीचे खासदार, जन्माने मुंबईकर पारशी, पंतप्रधानांचे जावई आणि सत्ताधारी पक्षाचेच सदस्य. त्यांच्याजवळ तारखा होत्या, आकडे होते, आणि सरकारने आधी दिलेली उत्तरं होती. ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. सरकारने एकदा सभागृहात काही सांगितलं की ते सरकारच्या गळ्यात पडतं. पुढचा प्रश्न त्याच उत्तरावर पाय ठेवून विचारता येतो.

नेहरू सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. आयोग एका माणसाचा होता, मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला. तरुणपणी जिनांच्या हाताखाली वकिली शिकलेला आणि पुढे राजकारणात त्यांच्यापासून वेगळा झालेला हा मुंबईचा खोजा मुसलमान. छागलांनी चौकशी मुंबईत आणि उघड घेतली. लोकांची एवढी गर्दी झाली की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. ज्यांचे पैसे होते, ते रस्त्यावर उभं राहून अर्थमंत्र्यांची आणि अर्थसचिवांची साक्ष ऐकत होते. महिन्याभराच्या आत अहवाल तयार झाला. सचिवाने काय केलं ते मला माहीत नव्हतं, असं म्हणून मंत्र्याला सुटता येणार नाही, घटनात्मक जबाबदारी त्याचीच, असा त्याचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सुरुवात मात्र झाली होती एका प्रांतातल्या खासदाराने दिल्लीच्या खात्याला विचारलेल्या एका प्रश्नातून.

आज ही यंत्रणा कशी चालते, तेही थोडक्यात सांगतो. खासदार पंधरा दिवस आधी लेखी सूचना देतो. ज्या प्रश्नावर तारा असतो, त्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. लोकसभेत दिवसाला असे वीसच प्रश्न असतात, आणि वेळेअभावी त्यांतले बरेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचत नाहीत. अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळतं. ते दिवसाला २३०. कुणाचा प्रश्न यादीत येणार ते चिठ्ठी टाकून ठरतं. आपला आमदार केंद्राच्या खात्याला असा प्रश्न विचारू शकत नाही. त्याचा प्रश्न मुंबई-नागपूरच्या विधिमंडळात, राज्याच्या मंत्र्याला. रेल्वे, पासपोर्ट, हज किंवा केंद्राची शिष्यवृत्ती याबद्दल विचारायचं तर खासदारच गाठावा लागतो. आपण लग्नाच्या आमंत्रणाला दोघांनाही बोलावतो, पण कुणाकडे काय विचारायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

प्रश्न विचारला म्हणजे उत्तर मिळतंच असं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडचं कारण देऊन संसदेचा प्रश्नोत्तराचा तासच रद्द झाला. लेखी प्रश्न तेवढे राहिले. त्याच अधिवेशनात विचारलं गेलं की लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले. कामगार मंत्रालयाने लेखी उत्तर दिलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे, औरंगाबाद-जालना मार्गावर करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले होते. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या भाकऱ्यांचे फोटो साऱ्या महाराष्ट्राने पाहिले होते. झुंडीने केलेल्या हत्यांबद्दलही संसदेत विचारलं गेलं, तेव्हा त्यांची वेगळी नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ठेवत नाही, असं उत्तर मिळालं.

अशा उत्तरांनी माणूस निराश होतो. मीही झालो होतो. आता वेगळं वाटतं. "आमच्याकडे नोंद नाही" हीसुद्धा एक नोंदच आहे. सही-शिक्क्यानिशी दिलेली, तारीख असलेली, कायमची. पन्नास वर्षांनी कुणी या काळाचा इतिहास लिहील, तेव्हा आपली गाऱ्हाणी त्याला कदाचित सापडणार नाहीत. अर्ज रद्दीत गेलेले असतील. पण हा प्रश्न आणि हे उत्तर सापडेल. मोजायचं नाही असं कुणी ठरवलं होतं, तेही सापडेल. आणि एखाद्या मंत्र्याने "माहिती गोळा केली जात आहे" असं सांगून वेळ मारून नेली, तरी ते आश्वासन धरलं जातं. ते पुरं झालं की नाही हे पाहायला लोकसभेची १९५३ पासून वेगळी समिती आहे.

त्या रिक्षावाल्या भावाच्या भेटीनंतर दोनच आठवड्यांत आणखी एक बातमी आली. ८ डिसेंबर २०२२ ला केरळमधल्या त्रिशूरचे खासदार टी. एन. प्रतापन यांच्या प्रश्नाला लोकसभेत उत्तर मिळालं. अल्पसंख्याक समाजातल्या एमफिल-पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केली आहे, कारण ती इतर योजनांशी मिळतीजुळती आहे, असं मंत्री स्मृती इराणी यांनी सांगितलं. देशातल्या संशोधक मुलांना आपल्या भवितव्याबद्दलचा हा निर्णय एका प्रश्नाच्या उत्तरातून कळला. फेलोशिप त्या प्रश्नाने परत आली नाही. पण निर्णयाचं कारण सरकारला लिहून द्यावं लागलं. आता त्या कारणाला उत्तर देता येतं. मिळतीजुळती ती कोणती योजना, आणि तिच्यातून अल्पसंख्याक समाजाची किती मुलं पीएचडी करताहेत, असा पुढचा प्रश्न विचारता येतो. १९०९ साली मिळालेला तो उपप्रश्न याचसाठी असतो.

त्या दिवशी त्या वडिलांना मी म्हणालो होतो, "अर्जाचं बघू." आज ते पुन्हा आले, तर एक कागद पुढे ठेवीन आणि त्यांनाच सांगायला लावीन. आमच्या जिल्ह्यात पहिली ते आठवीच्या किती मुलांना ही शिष्यवृत्ती मिळत होती? बंद झाल्यानंतर त्यांतल्या किती मुलांची शाळा सुटली? सरकारने हे मोजलं का? खाली "आपला कृपाभिलाषी" लिहायचं नाही. गावाचं नाव, तारीख आणि सह्या. मग तो कागद घेऊन आम्ही दोघं खासदारांच्या कार्यालयात जाऊ. खासदार कोणत्या पक्षाचे आहेत, याची फिकीर न करता. आणि सांगू की आम्ही काही मागायला आलेलो नाही, हे दिल्लीत विचारा.