शब्दवेध : तारण

‘तारण’ हा मराठी ख्रिस्ती श्रद्धेतला मध्यवर्ती शब्द. संस्कृत ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे. त्याच्या प्रयोजक रूपातून ‘तारण’, म्हणजे पैलतीरी नेणे. तरणारा वेगळा, तारणारा वेगळा, आणि सारे मर्म इथेच आहे : माणूस स्वतःच्या पुण्याईवर तरत नाही, येशू त्याला तारतो. 19व्या शतकात अमेरिकन मराठी मिशनने सोलापुरात काम सुरू केले, तेव्हा लोकांच्या ओळखीचा शब्द ‘मोक्ष’ होता. मोक्षात जन्ममरणाचा फेरा सुटतो. तारणात पापांची क्षमा मिळते. मृत्यूनंतर पुनर्जन्म नाही, तर देहाचे पुनरुत्थान, न्याय आणि सार्वकालिक जीवन. सोलापुरात दागिने ठेवून कर्ज काढतात, तेव्हा त्या दागिन्यांनाही ‘तारण’च म्हणतात, तेथे अर्थ हमीचा.