फडांची चढाओढ : सातारा-सांगली परिसरातील एक परंपरा

दूरचित्रवाणीवर नर्तकांच्या एका संचाने दुसऱ्यास आव्हान द्यावे आणि लक्षावधींनी ते पाहावे, हा प्रकार अगदी नवा मानला जातो. सातारा व सांगली या जिल्ह्यांच्या इतिहासाकडे पाहता ही समजूत अंशतःच खरी ठरते. हा प्रदेश मुळात एकमेकांत गुंतलेला. तासगाव व वाळवा हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच मोडत. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले.

येथील चढाओढीचे मूळ कलगी-तुऱ्यात आहे. कलगीवाले शक्तीस श्रेष्ठ मानीत, तर तुरेवाले शिवास. एका पक्षाने भेदिक लावणीतून पुराणातील वा अध्यात्मातील कूट घालावे आणि दुसऱ्याने ते गाऊनच सोडवावे, अशी रीत होती. पुसेसावळीचे शाहीर हैबती याच मुलखातले. या सामन्यात खरा परीक्षक प्रतिपक्षच असे. उत्तर अडले की हार कोणाची, हे श्रोत्यांस निराळे सांगावे लागत नसे.

तमाशाने हा सवाल-जवाब उचलला आणि त्यास ढोलकी, हलगी व नाच यांची जोड दिली. १८६५ साली रचलेला ‘मोहना बटाव’ हा आद्य वग मानला जातो. त्याचे कर्ते उमा-बाबू हे तासगाव तालुक्यातील सावळजचे. रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) कुलकर्ण्यांच्या घरातून फडात आले, तर उमा मांग समाजातले. पुढे कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांनी हीच परंपरा गावोगावच्या जत्रांत नेली.

या चढाओढीचे सामाजिक मोल येथेच दिसते. ज्यांना पाठशाळेचे दार बंद होते, त्यांनी केवळ श्रवणाने मिळविलेले ज्ञान चारचौघांत पणास लावले आणि गावाने ते मान्य केले. मात्र त्याच गावाने फडातील कलावंतांस पंक्तीचा मान क्वचितच दिला, हेही नमूद केले पाहिजे.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. खाजगी वाहिन्यांवरील नृत्यस्पर्धा त्यानंतरच्या. त्यांत नाच आधी बसविलेला असतो आणि गुण नेमलेले परीक्षक वा प्रेक्षकांची मते ठरवितात. चढाओढ टिकली, प्रेक्षकही वाढले. परंतु समोरच्याचा सवाल ऐकून त्याच क्षणी जवाब देण्याचे बंधन तेवढे सुटले. जुन्या फडाचे तेज त्या बंधनातच होते, असे आम्हांस वाटते.