साखळी ताणली की झिजली?

मोटारीच्या इंजिनातून पुढच्या बाजूने खळखळ आवाज येऊ लागला, की मेकॅनिक म्हणतो, "टायमिंग चेन ताणली, बदलावी लागेल." साखळी लांबलेली असते, हे खरे. पण तिचे पोलाद ताणलेले नसते. मग ती लांबते कशी? उत्तर शोधण्यासाठी आपण एकोणिसाव्या शतकातील मँचेस्टरला जाऊ.

हान्स रेनॉल्ड हा स्विस अभियंता १८७३ मध्ये तेथे आला. १८७९ मध्ये त्याने शेजारच्या सॅलफर्ड येथील जेम्स स्लेटर यांचा साखळ्यांचा छोटा कारखाना विकत घेतला. तेथे कापडगिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या बनत. त्या साखळ्यांत पातळ पट्ट्यांच्या भोकांचे काठ पिनेवर घासत. क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त आणि झीजही जास्त. १८८० मध्ये रेनॉल्डने आतल्या पट्ट्यांत एक पोकळ नळी, म्हणजे बुश, घट्ट बसवली. आता भार नळीच्या पूर्ण लांबीवर पसरला. बल तेच, क्षेत्रफळ वाढले, दाब घटला!

हीच रचना पुढे मोटारींच्या इंजिनातही आली. झीज कमी झाली, पण संपली नाही. समजा, क्रँकशाफ्टच्या चाकाला २० आणि कॅमशाफ्टच्या चाकाला ४० दाते आहेत. दोन दात्यांमधले अंतर ९.५२५ मिलिमीटर आहे. साखळीच्या ताठ बाजूला ४० सांधे असून प्रत्येक सांधा केवळ ०.०५ मिलिमीटर झिजला, तर ती बाजू २ मिलिमीटरने लांबते. मोठ्या चाकाचा परीघ सुमारे ३८१ मिलिमीटर. म्हणजे कॅमशाफ्ट जवळजवळ २ अंश मागे पडतो. क्रँकशाफ्टच्या हिशेबाने हे ४ अंश झाले! झडपा उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. झीज फार वाढून साखळी दात्यांवरून उडाली, तर काही इंजिनांत दट्ट्या झडपेवर आदळतो.

म्हणून साखळी बदलताना झिजलेली दातेरी चाकेही बदलतात. नाहीतर नवी साखळीही लवकर झिजते. दोन्ही चाकांवरच्या खुणा जुळवतात. मग इंजिन हाताने दोन फेरे फिरवून त्या पुन्हा तपासतात. दोनच फेरे का, हा प्रश्न विद्यार्थ्यांना जरूर विचारावा.

शाळेत मोटार नसली, तरी सायकली असतात. साध्या सायकलच्या नव्या साखळीचे २४ सांधे ३०४.८ मिलिमीटर भरतात. जुन्या साखळीचे तेवढेच सांधे मोजून पाहा. जी लांबी वाढलेली दिसेल, ती २४ छोट्या झिजांची बेरीज असेल.