तडकलेलं डाळिंब बांधावर टाकू नका. घरच्या घरी करा कोशिंबिरीवरचं आंबट-गोड 'व्हिनेग्रेट'

सांगोला : आंबे बहराची डाळिंबं जुलै-ऑगस्टला काढणीला येतात आणि नेमका त्याच वेळी पाऊस येतो. आठ-दहा दिवस कोरडे गेले आणि एका रात्रीत जोराचा पाऊस झाला, की सकाळी बागेत गेल्यावर तडकलेली फळं दिसतात. व्यापारी अशा मालाला हात लावत नाही. लावलाच तर भाव ऐकून आपणच क्रेट परत घरी आणतो. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तडकलेल्या फळाला मानांकन असलं काय आणि नसलं काय, ते बांधावरच जातं.

गंमत अशी, की याच रसाचा एक प्रकार शहरातल्या हॉटेलात सॅलडवर घालून देतात. त्याला 'व्हिनेग्रेट' म्हणतात. नाव फ्रेंच आहे. आंबट झालेल्या वाईनला तिकडे 'विनेग्र' म्हणजे सिरका म्हणतात, त्यावरून हे नाव आलं. गोष्ट मात्र अगदी साधी आहे : काहीतरी आंबट, त्यात तेल, मीठ आणि दोन्ही एकजीव करायला थोडी मोहरी. फळाचा रस घातला की झालं फळाचं व्हिनेग्रेट. यातलं सगळं आपल्या घरात आहे.

कोणतं फळ चालेल, कोणतं नाही

हे आधी वाचा, कृती नंतर. तडकलेलं फळ म्हणजे सडलेलं फळ नव्हे, पण दोन्हीत अंतर फार थोडं असतं.

- फळ त्याच दिवशी तडकलेलं हवं. चिरेत माशा, मुंग्या, बुरशी किंवा आंबूस वास असेल तर घेऊ नका.
- फळ फोडल्यावर आत दाणे काळे-तपकिरी दिसले तर अख्खं फळ टाका. तेवढा भाग काढून बाकीचं वापरू नका. बुरशीचं विष डोळ्याला दिसतं त्यापेक्षा आतपर्यंत गेलेलं असतं आणि उकळूनही ते जाईलच असं नाही.
- बागेत फवारणी झाली असेल तर औषधाच्या लेबलवर फवारणी आणि काढणी यांच्यातले जे दिवस लिहिलेले असतात, ते पूर्ण झालेलेच फळ घरात आणा. बाजारासाठी आपण हे दिवस मोजतो. घरच्या ताटासाठीही मोजायला पाहिजेत.
- फळ आधी अख्खं धुवा, मग फोडा. चीर पडलेल्या फळात धुताना बाहेरचं पाणी आत जाऊ देऊ नका.

साहित्य (चार-पाच माणसांच्या दोन-तीन जेवणांपुरतं)

- डाळिंबाचा रस : १ वाटी (१५० मिली). मध्यम आकाराची दोन फळं साधारण पुरतात.
- लिंबाचा रस किंवा सिरका : २ मोठे चमचे (३० मिली)
- तेल : ६ मोठे चमचे (९० मिली)
- मोहरी : १ लहान चमचा
- मीठ : अर्धा लहान चमचा
- गूळ किंवा मध : १ लहान चमचा, फळ गोड असेल तर नको
- मिरपूड : चिमूटभर

तेल करडईचं किंवा सूर्यफुलाचं असेल तर फळाची चव पुढे येते. घाण्याच्या शेंगदाणा तेलाचा वास रसाच्या वर जातो, पण आपल्या जिभेला तो आवडतो. ज्याचं त्याने ठरवावं.

सिरका विकत घेताना बाटली फिरवून मागचं वाचा. 'सिंथेटिक' असं लिहिलेला सिरका ॲसेटिक ॲसिडात पाणी घालून केलेला असतो. फळापासून किंवा उसाच्या रसापासून आंबवून केलेला वेगळा मिळतो, त्याची चव मऊ असते. गोव्यात माडाच्या सुरीपासून केलेला सिरका घरोघरी वापरतात. आपल्याकडे काहीच नसेल तर लिंबू उत्तम. कोकमाचं आगळ असेल तर तेही चालतं, मात्र ते खारट असतं म्हणून मीठ चाखूनच घाला.

कृती

१. दाणे काढा. पांढरा पापुद्रा रसात गेला तर रस कडू होतो. दाणे मिक्सरला अगदी थोडे, थांबून थांबून फिरवा. फार फिरवलं तर आतली बी दळली जाते आणि तुरट चव येते. रस फडक्यातून गाळा.

२. रस स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर १० ते १२ मिनिटं आटवा. एक वाटीचा साधारण पाव ते तृतीयांश वाटी राहिला पाहिजे. अ‍ॅल्युमिनियमचं किंवा कल्हई गेलेलं पितळी भांडं घेऊ नका, आंबट रस त्याला खातो. रस पूर्ण गार होऊ द्या.

३. तोवर मोहरी दोन चमचे पाण्यात वाटून फेसा आणि पाच-दहा मिनिटं ठेवा. पाण्यात फेसली की तिचा नाकात जाणारा झणका येतो. आधीच लिंबात वाटली तर तो झणका नीट येत नाही, म्हणून आंबट नंतर.

४. गार रसात लिंबू, फेसलेली मोहरी, मीठ, गूळ, मिरपूड घालून ढवळा. मीठ-गूळ इथेच विरघळवा, तेलात ते विरघळत नाही.

५. आता एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने तेलाची बारीक धार सोडा. किंवा सगळं काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा आणि मिनिटभर जोरात हलवा.

तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. हलवल्यावर तेलाचे बारीक थेंब होतात आणि मोहरी त्या थेंबांना लवकर एकत्र येऊ देत नाही. लोणच्यात-रायत्यात आजी मोहरी फेसून घालायची, तीच मोहरी इथे हे कामही करते. थोड्या वेळाने तेल वर आलं तर बिघडलं नाही, पुन्हा हलवा.

कशावर घालायचं

काकडी, गाजर, मुळा, बीट, बारीक कोबी, पातीचा कांदा, मेथीची कोवळी पानं, वाफवलेली मोडाची मटकी. भाज्या धुऊन निथळून कोरड्या करा, ओल्या पानावर तेल टिकत नाही. चार जणांच्या कोशिंबिरीला दोन-तीन मोठे चमचे पुरे. पानात वाढायच्या वेळीच घाला. आधी घातलं तर मिठामुळे काकडीला पाणी सुटतं आणि सगळं पचपचीत होतं.

आपल्या ताटात भाकरी, कालवण, ठेचा असतो, पण कच्चं फार कमी असतं. कडधान्य आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सोबत लिंबासारखं क जीवनसत्त्व लागतं. ते उष्णतेने कमी होतं, म्हणून लिंबू गार रसातच घालायचं. आमच्या घरी पोरं मुळ्याला हात लावत नव्हती. लाल रंग बघून आता निदान मागून घेतात.

टिकवण्याची चूक माझी, धडा सगळ्यांचा

पहिल्या वेळी मी शहाणपणा केला. रस न आटवता दोन लिटर करून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरला आणि फडताळात ठेवला. तिसऱ्या दिवशी बाटली फुगली, झाकण उघडताच फेस छतापर्यंत. सगळं ओतून द्यावं लागलं. फळाचा रस आंबट लागला तरी तो स्वतःला टिकवत नाही. त्यात साखर असते आणि ती आंबायला लागते. तेव्हापासून हे नियम :

- बरणी काचेची, उकळत्या पाण्यातून काढून कोरडी केलेली. औषधाची बाटली कितीही धुतली तरी कधीच नाही.
- फ्रीजमध्ये चार-पाच दिवस. फ्रीज नसेल तर त्या दिवसापुरतंच करा.
- कच्चा लसूण घातला असेल तर त्याच दिवशी संपवा. तेलात बुडालेल्या लसणाला हवा मिळत नाही आणि अशा जागी जिवावर बेतणारे जंतू वाढू शकतात.
- फ्रीजमध्ये शेंगदाणा तेल घट्ट होतं. वापरण्याआधी थोडा वेळ बाहेर ठेवून हलवा.
- मध घातलेलं एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नका. साखरेचा आजार असणाऱ्यांनी गूळ-मध टाळा आणि बेताने घ्या, आटवलेल्या रसात गोडी जास्त असते.

दुसरी फळं

द्राक्ष, मोसंबी, संत्रं, स्ट्रॉबेरी, जांभूळ, करवंद, पिकलेला आंबा यांचंही होतं. फळ जितकं गोड तितकं लिंबू वाढवा. आंब्याचा गर घट्ट असतो, तो आटवायची गरज नाही. सीताफळ आणि केळं मात्र घेऊ नका, त्यांना आंबटपणा कमी, लवकर काळी पडतात आणि टिकत नाहीत.

बचत गटाच्या ताईंना विकायचं असेल तर आधी अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या आणि बरणीवर केल्याची तारीख लिहा.

यातून क्रेटचे पैसे वसूल होणार नाहीत, हे सरळ सांगतो. दोन क्रेटमधली चार फळंच घरात लागतात. उरलेली तडकलेली फळं बागेत पडू न देता गोळा करून खड्ड्यात पुरा, नाहीतर रोग-किडीला घर मिळतं. पण वर्षभर जे फळ आपण दुसऱ्याच्या ताटासाठी पिकवतो, ते चार दिवस आपल्या ताटात आलं तर काय वाईट? पुढच्या पावसानंतर बागेतून येताना दोन फळं खिशात घालून आणा आणि करून बघा.